विश्वोत्पत्तीचा पूर्वपक्ष

थोर पुरुष निवर्तला म्हणजे त्याच्या गुणांचें स्तवन करावें, आणि ज्या ठिकाणीं तो चुकला तें ठिकाण डोळे मिटून ओलांडावें, हा आपल्याकडील चरित्रलेखनाचा जुना प्रघात आहे. डॉ. जयंत विष्णु नारळीकर २० मे २०२५ रोजीं पुण्यांत निवर्तले, त्यानंतर त्यांच्याविषयीं जें लिहिलें गेलें त्यांतहि हा प्रघात बहुधा पाळला गेला. त्यांच्या विज्ञानकथा, त्यांचें सुबोध मराठी, फलज्योतिषावर त्यांनीं केलेली टीका, पुण्याची 'आयुका' ही संस्था, या सर्वांचा यथोचित गौरव झाला. परंतु ज्या प्रश्नाला त्यांनीं आपलें उभें आयुष्य वाहिलें, त्या प्रश्नाचें त्यांनीं दिलेलें उत्तर विद्वानांच्या जगांत मान्य झालें नाहीं, ही गोष्ट फार तर ओझरती सांगितली गेली. आम्हांस वाटतें कीं, त्यांचें खरें मोठेपण पाहावयाचें असेल तर नेमक्या याच ठिकाणीं थांबलें पाहिजे.

नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजीं कोल्हापुरास झाला. पण बालपण गेलें तें काशीस. वडील विष्णु वासुदेव नारळीकर हे बनारस हिंदु विश्वविद्यालयांत गणिताचे प्राध्यापक होते. आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादाचा व्यासंग त्या काळीं हिंदुस्थानांत ज्या मोजक्या ठिकाणीं चाले, त्यांपैकीं तें एक. प्रकाश फेकणाऱ्या ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणाचें जें गणित प्रल्हाद चुनीलाल वैद्य यांनीं १९४३ सालीं मांडलें, त्याचा उगम याच वडील नारळीकरांच्या सहवासांत झाला. असा घरचाच वारसा घेऊन मुलगा १९५७ सालीं केंब्रिजला गेला, आणि तेथें फ्रेड हॉइल या ज्योतिर्विदाचा शिष्य झाला.

हॉइल त्या वेळीं एका मोठ्या वादांत उभे होते. दूरदूरच्या दीर्घिका आपल्यापासून लांब पळत आहेत, असें हबल यांनीं १९२९ सालीं दाखविलें होतें. मग कालाचें चक्र उलट फिरविलें तर कधीं तरी सर्व द्रव्य एकत्र असलें पाहिजे, आणि तेथून विश्वाचा आरंभ झाला असला पाहिजे, हें ल मेत्र या बेल्जियन धर्मोपदेशकानें मांडलेलें अनुमान सरळ होतें. अडचण एवढीच कीं, हबल यांच्या आंकड्यांवरून विश्वाचें वय दोन अब्ज वर्षांच्या आसपास येई, आणि पृथ्वीवरील खडक त्याहून जुने ठरत. आईपेक्षां लेक वडील, अशांतला हा प्रकार! म्हणून १९४८ सालीं हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनीं दुसरा मार्ग सुचविला: विश्वाला आदि नाहीं, अंत नाहीं, तें प्रसरण पावतें खरें, पण मोकळ्या होणाऱ्या जागेंत नवें द्रव्य सावकाश निर्माण होत असल्यामुळें त्याचें रूप सर्वकाळ सारखेंच राहतें. हा स्थिर स्थितीचा सिद्धांत. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं गॅमोव्ह यांचे सहकारी आल्फर आणि हर्मन यांनीं, विश्व जर अत्युष्ण अवस्थेंतून निघालें असेल तर त्या उष्णतेचा अवशेष निरपेक्ष शून्याच्या वर सुमारें पांच अंश आज आकाशांत उरला असावा, असें गणित केलें. तो अवशेष शोधण्याचें तेव्हां कोणी फारसें मनावर घेतलें नाहीं.

स्थिर स्थितीवर पहिला मोठा घाव घातला तो केंब्रिजच्याच मार्टिन राइल यांनीं. रेडिओ-लहरी फेकणाऱ्या गोलकांची मोजदाद करून १९६१ सालीं त्यांनीं जाहीर केलें कीं, स्थिर विश्वांत असावेत त्यापेक्षां दूरचे, मंद उगम फार अधिक आहेत. गुरूच्या बाजूनें उत्तराचें गणित मांडण्याचें काम तेविशींतल्या या मराठी विद्यार्थ्याकडे आलें. विश्वांतील द्रव्य आपण समजतों तितकें समप्रमाणांत विखुरलेलें नसून त्याचे प्रचंड पुंजके असावेत, असा या उत्तराचा आशय होता. त्यानें सिद्धांत तरला नाहीं. पण पुंजक्यांची कल्पना मात्र पुढें वेधांनीं खरी ठरली. २०१७ सालीं पुण्याच्या खगोलविदांनीं 'सरस्वती' नांवाचा दीर्घिकांचा असाच एक महापुंज जाहीर केला.

जून १९६४ मध्यें हॉइल आणि नारळीकर यांनीं गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत रॉयल सोसायटीपुढें मांडला. प्रत्येक कणाचें वस्तुमान विश्वांतील इतर सर्व कणांच्या परिणामांतून येतें, अशी त्याची बैठक होती. व्याख्यान संपल्यावर स्टीफन हॉकिंग नांवाचा एक तरुण संशोधक उठला आणि म्हणाला कीं, प्रसरणशील विश्वांत ही बेरीज अनंत होते. नारळीकरांशीं झालेल्या चर्चांमुळें तें गणित त्यास आधींच ठाऊक होतें. आपलें गणित प्रतिपक्षाच्या हातीं पडूं नये म्हणून लपवून ठेवण्याची वृत्ति नारळीकरांजवळ नव्हती, एवढें या प्रसंगावरून दिसतें.

पुढच्याच वर्षीं, १९६५ सालीं, अमेरिकेंत पेन्झिआस आणि विल्सन यांना आकाशाच्या सर्व दिशांनीं सारखाच येणारा, सुमारें तीन अंश तपमानाचा सूक्ष्मतरंगांचा मंद झोत आढळला. आल्फर आणि हर्मन यांचा विसरलेला अवशेष तो हाच, असें बहुतेकांनीं मानलें; आणि एकेक विद्वान स्थिर स्थितीचा पक्ष सोडूं लागला. नारळीकरांनीं तो सोडला नाहीं. १९९३ सालीं हॉइल आणि बर्बिज यांच्यासह त्यांनीं सुधारून घेतलेली 'स्थिरवत् स्थिति' मांडली. सुमारें पन्नास अब्ज वर्षांच्या आवर्तनानें विश्व फुगतें आणि आकुंचन पावतें, पण मूळचा आरंभ नाहीं. आणि तो सूक्ष्मतरंगांचा झोत म्हणजे मागील आवर्तनांतील ताऱ्यांचा प्रकाश होय, जो लोहाच्या सूक्ष्म तंतूंनीं शोषून पुन्हां बाहेर टाकला आहे, असें त्यांचें प्रतिपादन होतें. परंतु 'कोबे' या उपग्रहानें १९९० सालीं त्या झोताचा वर्णपट विलक्षण निर्दोष असल्याचें, आणि १९९२ सालीं त्यांत लाखांत एक अंश एवढा सूक्ष्म चढउतार असल्याचें दाखविलें. या दोहोंचा मेळ महास्फोटाच्या गणिताशीं जितका सहज बसतो, तितका लोहतंतूंशीं बसत नाहीं. बहुतेक तज्ज्ञांनीं निकाल दिला तो या कारणानें.

या वादाचा दुसरा पदर कृष्णद्रव्याचा. कोमा समूहांतील दीर्घिका इतक्या वेगानें फिरतात कीं, दिसणाऱ्या द्रव्याच्या आकर्षणानें त्या एकत्र राहूं शकणार नाहींत, हें झ्विकी यांनीं १९३३ सालीं सांगितलें. आणि व्हेरा रुबिन व केंट फोर्ड यांनीं १९७० पासून दीर्घिकांच्या अंतर्गत भ्रमणांत तीच गोष्ट दाखविली. आमच्या भिवंडींत मागावर चढणाऱ्या प्रत्येक ताण्याला आधीं खळ द्यावी लागते. धुतलेल्या कापडांत ती कोणाला दिसत नाहीं. पण खळीवांचून धागे मागाचा ताण सोशीत नाहींत, हें प्रत्येक विणकर जाणतो. कृष्णद्रव्याचें अनुमान याच जातीचें आहे. आजच्या हिशेबाप्रमाणें विश्वांत आपल्या ओळखीचें द्रव्य शेंकडा पांच, कृष्णद्रव्य शेंकडा सुमारें सत्तावीस, आणि उरलेली कृष्णऊर्जा. दिसत नसलेलें द्रव्य असावें हें नारळीकरांस मान्य होतें. परंतु तें मागील आवर्तनांतील विझलेल्या ताऱ्यांचें, म्हणजे साध्याच द्रव्याचें असूं शकेल, त्यासाठीं अज्ञात कण कल्पिण्याची घाई कां, असें ते विचारीत. त्यांचें उत्तर बहुतेकांनीं स्वीकारलें नाहीं. तथापि तो अज्ञात कण आजपर्यंत कोणत्याहि प्रयोगशाळेंत सांपडलेला नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

आतां आयुकेकडे वळूं. १९८८ सालीं स्थापन झालेल्या या संस्थेचे नारळीकर २००३ पर्यंत संचालक होते. आपलें मत प्रस्थापित करण्यास याहून सोयीचें आसन कोणतें? पण तेथें काय घडलें तें पाहा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत त्यांच्या मार्गदर्शनाखालीं तयार झालेले थानु पद्मनाभन १९९२ सालीं आयुकेंत आले. आणि ज्या १९९३ सालीं गुरूनें आपली 'स्थिरवत् स्थिति' प्रसिद्ध केली, त्याच सालीं शिष्याचा विश्वांतील रचनांच्या घडणीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, जो महास्फोट आणि कृष्णद्रव्य यांच्याच पायावर उभा होता. वरुण साहनी यांनीं कृष्णऊर्जेवर आणि तरुण सौरदीप यांनीं त्या सूक्ष्मतरंगांच्या झोतावर जें नांवाजलेलें काम केलें, तेंहि याच छपराखालीं. संचालकाच्या मताविरुद्ध जाणारें संशोधन संचालकाच्याच संस्थेंत फोफावावें, ही आपल्याकडे नित्य दिसणारी गोष्ट नव्हे.

आपल्या शास्त्रकारांची एक शिस्त होती. सिद्धांत सांगण्यापूर्वीं पूर्वपक्ष मांडावयाचा, आणि तो असा समर्थपणें मांडावयाचा कीं, त्याला उत्तर देतांना सिद्धांत्याचा कस लागावा. दुबळ्या पूर्वपक्षावर उभारलेला सिद्धांतहि दुबळाच राहतो. आधुनिक विश्वशास्त्रांत हें काम हॉइल आणि नारळीकर यांच्या पक्षानें केलें. विश्वाचा आरंभ उष्ण नव्हता असें मानल्यामुळें मूलद्रव्यांची उत्पत्ति ताऱ्यांच्या पोटांत शोधणें हॉइल यांस भाग पडलें, आणि १९५७ सालीं त्यांनीं तिघां सहकाऱ्यांसह सिद्ध केलेलें तें गणित आज महास्फोटवादीहि आधारभूत मानतात. विश्वाचें प्रसरण त्वरेनें वाढत असावें, हें स्थिर स्थितीचें भाकीतच होतें. १९९८ सालीं दूरच्या स्फोटक ताऱ्यांवरून वाढता वेग खरोखरच आढळला, जरी त्याचें कारण निराळें मानलें गेलें.

नारळीकरांचा पक्ष वेधांपुढें टिकला नाहीं. हें स्पष्ट लिहिल्यानें त्यांना उणेपणा येतो, असें ज्यांस वाटतें त्यांनीं विज्ञान म्हणजे अचूक उत्तरांची पोथी समजली आहे. ज्या समाजांत बहुमताला विरोध करणारा एक तर वेडा ठरतो किंवा अवतार ठरतो, त्या समाजांतील एका माणसानें साठ वर्षें विरोध केला, प्रत्येक आक्षेपाला गणितानें उत्तर दिलें, आणि आपणांस खोटें ठरवूं शकतील अशा तरुणांसाठीं घर बांधून दिलें. त्यांची स्मृति जपावयाची ती या आचरणासाठीं. आणि त्यासाठीं त्यांची चूक झांकण्याचें कांहींच प्रयोजन नाहीं.