इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये काचेची लेन्स का नसते?

कोरोनाचा विषाणू साधारण 100 नॅनोमीटरचा. साधा मायक्रोस्कोप मात्र 200 नॅनोमीटरपेक्षा बारीक तपशील स्पष्ट दाखवू शकत नाही. म्हणून इथे प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉन वापरतात.

पण इलेक्ट्रॉन काचेतून पार होत नाहीत. मग लेन्स कशाची? चुंबकाची! लोखंडी कवचातल्या तांब्याच्या गुंडाळीत वीज सोडली, की चुंबकीय क्षेत्र इलेक्ट्रॉनना एका बिंदूकडे वळवतं. 1931 मध्ये बर्लिनमध्ये अर्न्स्ट रुस्का आणि मॅक्स नॉल यांनी असा पहिला मायक्रोस्कोप बनवला. रुस्कांना 1986 मध्ये नोबेल मिळालं.

अडचण एकच होती. लेन्सच्या कडेने जाणारे इलेक्ट्रॉन जास्त वळतात आणि चित्र धूसर होतं. कॅमेऱ्यात असा दोष अंतर्गोल भिंग जोडून घालवता येतो. पण गोल चुंबकी लेन्समध्ये तो टाळताच येत नाही, असं ऑटो शेर्झर यांनी 1936 मध्ये गणिताने दाखवलं.

यावर तोडगा निघायला साठेक वर्षं लागली. 1990च्या दशकात जर्मनीत हाराल्ड रोझ, मॅक्सिमिलियन हायडर आणि क्नूट उर्बान यांनी गोल लेन्सला सहा ध्रुवांच्या चुंबकांची जोड दिली. हे चुंबक उलटा दोष तयार करतात आणि मूळ दोष पुसला जातो. आज सुटे अणू स्पष्ट दिसतात, ते यामुळेच.