वऱ्हाडचा कापूस अन् खांदेरीचा दिवा

वऱ्हाडात समुद्र नाही, मग दीपगृहाचं आपल्याले काय? पण १८६७ हे साल पहा. त्या वर्षी रेल्वे अकोला, बडनेरा करत नागपूरले पोचली. त्याच वर्षी मुंबईजवळच्या खांदेरी बेटावर, शिवरायांनी १६७९ मध्ये बांधायला घेतलेल्या किल्ल्यात, इंग्रजांनी दीपगृह उभारलं.

आपला कापूस रेल्वेनं मुंबईले अन् तिथून जहाजानं विलायतेले जायचा. जहाज खडकावर आदळू नये म्हणून दिवा लागला. पण १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले, तेव्हा कास्तकाराले धोका दाखवणारा दिवा कुठंच नव्हता. आजही कुठं आहे?

खांदेरी २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. याच कापसासाठी पुढं धावलेली आपली शकुंतला मात्र बंद पडली. बातम्या लिहून मी थकलो. आता तुम्ही बोला.