घनकचरा प्रकल्पांची परवानगी : बंगळुरूचा धडा

शहराच्या कचऱ्यासाठी प्रक्रिया प्रकल्प किंवा भरावभूमी उभारण्यास एकच परवाना पुरेसा नसतो. १९७४ चा जल कायदा व १९८१ चा हवा कायदा यांखाली राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी लागते. मोठ्या सामायिक प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते. घनकचरा नियमांखालील प्राधिकारपत्र त्याहून वेगळे.

या नियमांचे मूळ बंगळुरूतच आहे. तेथील अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या जनहित याचिकेतून नागरी घनकचऱ्याचे नियम २००० मध्ये लागू झाले. २०१६ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. या नियमांनुसार दररोज ५ टनांहून अधिक कचरा हाताळणाऱ्या प्रकल्पास मंडळाचे प्राधिकारपत्र आवश्यक ठरले. भरावभूमी नदीपासून १०० मीटर, तर वस्ती, तलाव, महामार्ग व पाणीपुरवठ्याच्या विहिरींपासून २०० मीटर दूर असावी, अशी अट आली. कचऱ्यावर घिरट्या घालणारे पक्षी विमानांना धोकादायक ठरत असल्याने विमानतळ व हवाई तळांपासूनचे अंतर २० किलोमीटर ठरविण्यात आले.

बंगळुरूच्या उत्तरेकडील मावळ्ळीपुर येथील भरावभूमी येलहंका हवाई तळाच्या जवळच होती. कचऱ्यातून झिरपणारे दूषित पाणी विहिरी-तलावांत जात असल्याची तक्रार ग्रामस्थ वर्षानुवर्षे करीत होते. अखेर जुलै २०१२ मध्ये कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आदेशाने ती बंद झाली. आदेश कायद्याला धरून होता. पर्यायी जागा मात्र तयार नव्हती. काही आठवड्यांतच शहराच्या रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले आणि बराचसा भार मंडूर गावावर पडला. तेथेही आंदोलन पेटले व २०१४ च्या अखेरीस कचरा टाकणे थांबले. पुढे बेल्लहळ्ळी व मिट्टगानहळ्ळी येथील दगडखाणी वापरात आल्या. मंडळाला प्रकल्प बंद करता येतो, पण शहरातील कचऱ्याची निर्मिती थांबवता येत नाही. त्यामुळे प्रश्न एका गावातून दुसऱ्या गावात सरकत राहिला.

कर्नाटक उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१२ मध्ये ओला व सुका कचरा उगमस्थानीच वेगळा करणे बंधनकारक केले, ते याच पार्श्वभूमीवर. वर्गीकरण झाल्यास भरावभूमीकडे जाणारा कचरा घटतो.

बंद झालेल्या भरावभूमीची जबाबदारीही संपत नाही. तेथील भूजल व वायू उत्सर्जन यांवर किमान १५ वर्षे देखरेख ठेवणे नियमांना अभिप्रेत आहे. मंडूरला हा निकष लावल्यास ही मुदत २०२९ च्या अखेरीपर्यंत जाते.