अंगणातील पेटी कासव : कुंपण, निगा आणि अर्धशतकाची जबाबदारी

उत्तर अमेरिकेच्या पूर्व व मध्य भागातील वनांत, कुरणांत आणि ओलसर झुडपांत आढळणारे लहानसे भूचर कासव ‘बॉक्स टर्टल’ म्हणजेच पेटी कासव या नावाने ओळखले जाते. त्याच्या पोटाकडील कवचाला मध्यभागी बिजागरीसारखा लवचीक सांधा असतो. धोका जाणवताच ते मान, पाय व शेपटी आत ओढून घेते आणि कवचाचे दोन्ही भाग वर उचलून स्वतःला पेटीसारखे बंद करते. तेरापीन या प्रजातीसमूहातील हे कासव अमेरिकेत अनेक पिढ्यांपासून घरामागच्या अंगणात पाळले जाते. दिसायला सोपा वाटणारा हा छंद प्रत्यक्षात दीर्घकाळाचा, खर्चिक आणि कायद्याच्या चौकटीत बांधलेला आहे.

ओळख आणि आयुष्य

पूर्वेकडील पेटी कासवाचे शास्त्रीय वर्णन कार्ल लिनियस यांनी 1758 मध्ये केले, तर मध्य अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातील नक्षीदार पेटी कासवाचे वर्णन लुई अगासी यांनी 1857 मध्ये केले. प्रौढ कासवाची लांबी साधारणतः 11 ते 15 सेंटिमीटर भरते. घुमटाकार, तपकिरी पाठीवर पिवळे वा नारिंगी पट्टे असतात आणि कोणत्याही दोन कासवांची नक्षी तंतोतंत सारखी नसते. पूर्वेकडील नराचे डोळे बहुधा लाल, शेपटी जाड व लांब आणि पोटाचे कवच किंचित खोलगट असते. मादीचे डोळे बहुतांशी तपकिरी व पोट सपाट असते. उत्तर कॅरोलिना आणि टेनेसी या राज्यांनी पूर्वेकडील पेटी कासवाला, तर कॅन्ससने नक्षीदार पेटी कासवाला राज्य सरीसृपाचा मान दिला आहे.

या प्राण्याचे वैशिष्ट्य म्हणजे त्याचे मंद जीवनमान. पन्नास वर्षांहून अधिक जगणारी कासवे दुर्मीळ नाहीत. मादी प्रजननक्षम होण्यास सात ते दहा वर्षे लागतात. ती एका वेळी बहुधा तीन ते आठ अंडी घालते आणि त्यातील फार थोडी पिल्ले प्रौढावस्था गाठतात. अंड्यातील पिल्लाचे लिंग मातीच्या उष्णतेवर ठरते: तुलनेने थंड मातीत नर, तर सुमारे 28 अंश सेल्सियसपेक्षा उबदार मातीत माद्या जन्मतात. एकदा मीलन झाल्यावर मादी नराचे शुक्राणू शरीरात साठवून पुढील काही वर्षे फलित अंडी घालू शकते.

जंगलातले कासव आपला परिसर सहसा सोडत नाही. मेरीलँड राज्यातील पटक्सेंट येथे ल्यूसिल स्टिकेल यांनी 1944 पासून केलेल्या अभ्यासात आढळले, की ही कासवे वर्षानुवर्षे शंभर-दीडशे मीटरच्या टापूतच वावरतात. त्यांना दूर नेऊन सोडले तर ती मूळ ठिकाणाच्या शोधात भटकतात आणि रस्त्यांवर चिरडली जातात. रस्ता ओलांडणारे कासव दिसल्यास ते ज्या दिशेने निघाले होते त्याच बाजूला उचलून ठेवावे. घरी नेऊ नये आणि दुसऱ्या रानातही सोडू नये, हा नियम त्यातूनच आला आहे.

कुंपणाची आखणी

पेटी कासवाला काचेच्या टाकीपेक्षा उघडे अंगण अधिक मानवते. थेट सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे त्याच्या शरीरात ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते आणि त्याच्या साहाय्याने कॅल्शियम शोषले जाते. घरात बंदिस्त ठेवलेल्या कासवाचे कवच मऊ पडते, हाडे वाकतात. मात्र ही मोकळीक अभ्यासपूर्वक आखलेल्या कुंपणातच सुरक्षित असते.

एक-दोन प्रौढ कासवांसाठी किमान सव्वा मीटर रुंद व अडीच मीटर लांब जागा धरतात. जागा जितकी मोठी तितकी उत्तम. भिंत लाकडी फळ्यांची, विटांची वा सिमेंटच्या ठोकळ्यांची असावी. ती जमिनीवर 45 ते 60 सेंटिमीटर उंच आणि जमिनीखाली 15 ते 30 सेंटिमीटर खोल हवी, कारण पेटी कासव चांगले चढते आणि चांगले खणतेही. कोपऱ्यांत दोन भिंतींचा आधार घेऊन ते वर सरकते, म्हणून वरच्या कडेला आतल्या बाजूस झुकलेली फळी बसवतात. तारेची जाळी वा काच भिंत म्हणून वापरू नये. पलीकडचे दिसत असले की कासव दिवसभर त्याच ठिकाणी धडका देत राहते आणि नाक व पंजे सोलून घेते.

कुंपणाचा काही भाग सकाळच्या उन्हात आणि मोठा भाग सावलीत असावा. 21 ते 29 अंश सेल्सियस हे तापमान त्याला सर्वांत सोयीचे. त्याहून उष्ण दिवसांत ते चिखलात वा पाल्याखाली लपते. तळाशी भुसभुशीत माती, वर कुजलेल्या पानांचा जाड थर, ओंडके, शेवाळ आणि दाट झुडपे असली की ओलावा टिकतो, किडे-गांडुळे आपोआप वाढतात आणि लपायला जागा मिळते. पाण्यासाठी पसरट, उथळ तबक पुरते. पाणी कासवाच्या हनुवटीपेक्षा खोल नसावे आणि तबकाच्या कडा उतरत्या असाव्यात. ही कासवे कुशल जलतरणपटू नाहीत. तबकातच ती विष्ठा करतात, त्यामुळे पाणी रोज बदलावे लागते.

शत्रूंचा विचार कुंपण बांधतानाच करावा लागतो. रॅकून, ओपोसम, उंदीर, कावळे आणि पाळीव कुत्रे कासवांना इजा करतात. कुत्र्याला बंद कवच हे चघळण्याचे हाड वाटते. पिल्लांचे कुंपण वरून जाळीने पूर्ण झाकलेले हवे. गवत कापण्याचे यंत्र, कीटकनाशके आणि तणनाशके यांना तेथे थारा नसावा.

आहार

पेटी कासव सर्वभक्षी आहे. गांडुळे, गोगलगायी, भुंगेरे, अळ्या, आळिंबी, जमिनीवर गळालेली फळे आणि कोवळी पाने असा त्याचा नैसर्गिक आहार असतो. माणसाला विषारी ठरणारी आळिंबीही ते पचवते; म्हणून या कासवाचे मांस खाल्लेल्यांना विषबाधा झाल्याचे सांगितले जाते. पूर्वेकडील वनांतील मेॲपल या वनस्पतीची फळे खाऊन ते बिया दूरवर पसरवते आणि त्याच्या पोटातून गेलेल्या बिया अधिक चांगल्या रुजतात. रानाच्या दृष्टीने ते एक लहानसे माळीच आहे.

पाळलेल्या कासवाला साधारण निम्मा आहार प्राणिज आणि निम्मा वनस्पतिज देतात. पिल्लांना प्राणिज भाग अधिक लागतो. भोपळा, रताळे, गाजर, गडद हिरव्या पालेभाज्या आणि बोरवर्गीय फळे उपयुक्त ठरतात. पाव, दुधाचे पदार्थ आणि केवळ पाणीदार सलाडची पाने टाळावीत. कॅल्शियमसाठी कुंपणात समुद्रफेसाचा तुकडा ठेवतात, तो कासव हवा तेव्हा कुरतडते.

आरोग्य आणि शीतनिद्रा

सुजलेले, चिकटलेले डोळे आणि कानाच्या जागी आलेली गाठ ही बहुधा ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाची लक्षणे असतात. नाकातून बुडबुडे येणे, तोंड उघडे ठेवून श्वास घेणे ही श्वसनविकाराची खूण असून त्यासाठी सरीसृपांची माहिती असलेला पशुवैद्य लागतो. रॅनाव्हायरसच्या साथीने कासवांचे समूहच्या समूह दगावतात, म्हणून नवे कासव जुन्यांत मिसळण्यापूर्वी किमान तीन महिने वेगळे ठेवणे हिताचे. दोन नर एकत्र असल्यास ते भांडतात आणि एकट्या मादीला नर सतत त्रास देतो; नरापेक्षा माद्यांची संख्या अधिक असावी किंवा त्यांना स्वतंत्र कप्पे द्यावेत.

कासवाच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. लहान मुले कासव हाताळून बोटे तोंडात घालतात, या कारणास्तव अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1975 मध्ये चार इंचांपेक्षा लहान कवचाच्या कासवांची पाळीव प्राणी म्हणून विक्री बंद केली. कासवाला हात लावल्यावर साबणाने हात धुणे हा या छंदाचा पहिला शिरस्ता आहे. कासवाची तबके स्वयंपाकघरात धुऊ नयेत.

थंड प्रदेशांत ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास पेटी कासव मातीत शिरते आणि वसंतापर्यंत शीतनिद्रेत राहते. त्यापूर्वी काही आठवडे त्याचे खाणे थांबवून आतडे रिकामे होऊ देतात, कारण थंडीत अन्न पचत नाही व पोटातच कुजते. निद्रेची जागा पाणी न साचणारी, सैल मातीची व पालापाचोळ्याने झाकलेली हवी. हा प्राणी काही काळ शरीरातील निम्म्याहून अधिक पाणी गोठलेल्या अवस्थेतही तग धरतो. तरीही आजारी वा कृश कासव निद्रेला सोडू नये. ते हिवाळाभर घरात उबेला ठेवावे.

कासव येते कुठून?

या छंदातील सर्वांत गंभीर प्रश्न निगेचा नाही, उगमाचा आहे. इतक्या मंद गतीने वाढणाऱ्या प्राण्याच्या वस्तीतून दरवर्षी एक-दोन प्रौढ माद्या जरी उचलल्या, तरी ती वस्ती काही दशकांत संपू शकते. कासवे दिसत राहतात, पण नवी पिढी नसते. आंतरराष्ट्रीय व्यापारासाठी होणारी पकड वाढल्यानंतर 1995 पासून हा सगळा प्रजातीसमूह ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आणला गेला. मेक्सिकोतील कोआविला पेटी कासव त्याहून कडक अशा पहिल्या परिशिष्टात आहे. जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत पूर्वेकडील पेटी कासव ‘असुरक्षित’ गटात मोडते. अमेरिकेत राज्याराज्यांचे नियम वेगळे असून अनेक ठिकाणी रानातील कासव उचलणे गुन्हा ठरते. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनीही कासव पाळण्यापूर्वी आपल्या राज्याचा नियम पाहणे आवश्यक आहे. बंदिवासात जन्मलेले किंवा आधीच्या मालकाने सोडून दिलेले कासव अधिकृत संस्थेकडून घेणे हा त्यातल्या त्यात निर्दोष मार्ग होय.

गोव्याच्या अंगणात काय?

गोव्यातील अंगण या कासवासाठी योग्य नाही. येथे शीतनिद्रेला लागणारी थंडी नाही आणि चार महिन्यांच्या पावसात माती सतत पाण्याने भरलेली राहते. कायद्याचा भागही स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 मध्ये 2022 साली झालेली दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि ‘साइट्स’ यादीतील विदेशी प्राणी बाळगणाऱ्यांवर नोंदणीचे बंधन आले. त्यासाठीचे नियम फेब्रुवारी 2024 मध्ये अधिसूचित झाले असून नोंदणी केंद्राच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर करावी लागते.

आपल्या विहिरी-तळ्यांतली कासवे तर पाळण्याची वस्तूच नव्हेत. भारतीय फ्लॅपशेल कासव आणि पाठीवर तारे असलेले स्टार कासव हे दोन्ही अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. या अनुसूचीतील प्राण्यासंबंधीच्या गुन्ह्यास किमान तीन वर्षे व कमाल सात वर्षे कारावास आणि किमान 25 हजार रुपये दंडाची तरतूद आहे. घरात जिवंत कासव ठेवल्याने भरभराट होते ही समजूत कायद्यापुढे टिकत नाही. देवळाच्या सभामंडपातील दगडी कासवाचा मान वेगळा आणि बादलीत कोंडलेल्या जिवाची अवस्था वेगळी.

मत्स्यालयांच्या दुकानांतून विकले जाणारे, कानाजवळ तांबडा पट्टा असलेले स्लायडर कासवही मूळ अमेरिकेचेच. ते मोठे झाल्यावर तळ्यात वा ओढ्यात सोडून देणे घातक ठरते, कारण ते स्थानिक कासवांचे अन्न व जागा बळकावते. असे कासव नकोसे झाल्यास, किंवा एखादे स्थानिक कासव जखमी वा अडकलेले आढळल्यास, वनखात्याला कळवावे. विहिरीत दिसलेले कासव मात्र तेथेच राहू द्यावे.