पैठणी, येवल्याची

पैठणी, येवल्याची : सोन्यारुप्याच्या जरीचे काठ व पदर असलेले, हातमागावर विणलेले महाराष्ट्राचे पारंपरिक रेशमी लुगडे. गोदावरीकाठच्या पैठण (प्राचीन प्रतिष्ठान) या नगरीवरून त्यास हे नाव मिळाले; तथापि सांप्रत या वस्त्राचे प्रमुख उत्पादनकेंद्र नाशिक जिल्ह्यातील येवला हे तालुक्याचे गाव होय. २०१०–११ मध्ये ‘पैठणी साड्या व वस्त्रे’ यांची भौगोलिक निर्देशन म्हणून भारतात नोंदणी झाली व या नावास कायद्याचे संरक्षण लाभले. नाव एका गावाचे आणि बहुतेक माग दुसऱ्या गावात, अशी स्थिती असल्यामुळे पैठणीचा इतिहास हा ‘मूलस्थान’ या कल्पनेचा अर्थ तपासून पाहण्यासाठी विशेष उद्‌बोधक ठरतो.

पैठणची परंपरा : प्रतिष्ठान ही सातवाहनांची राजधानी होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण व तगर (सध्याचे तेर, धाराशिव जिल्हा) ही दख्खनमधील दोन प्रमुख व्यापारी नगरे म्हणून उल्लेखिली असून तेथील माल गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असल्याचे म्हटले आहे. पैठणहून मुख्यतः रंगीत खडे आणि तगरहून जाडेभरडे व तलम कापड जात असे, असे त्यात नमूद आहे. त्यामुळे आजच्या पैठणीचा धागा थेट सातवाहनकाळापर्यंत नेऊन भिडविणे या ग्रंथाच्या आधारे शक्य होत नाही. मात्र गोदावरीच्या खोऱ्यात कापडाच्या दूरवरच्या व्यापाराची परंपरा फार जुनी होती, एवढे त्यावरून निश्चित दिसते. जर व रेशीम यांचे विणकाम पैठण येथे मध्ययुगात भरभराटीस आले. मोगल व पुढे निजाम यांच्या अमदानीत त्यास दरबारी आश्रय मिळाला, तर पेशवाईत पुण्यातील सरदार व सावकार घराण्यांकडून पैठणच्या वस्त्रांना मोठी मागणी होती. ‘असावली’ म्हणजे फुलांच्या वेलीची नक्षी असलेले दुपट्टे, शेले व पागोटी यांचाही त्यात समावेश असे. पैठणी हे नाव पुढे लुगड्यापुरते रूढ झाले.

येवल्याचा उदय : येवले हे गाव सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रघोजी पाटील यांनी वसविले, असे परंपरा सांगते. गावाची भरभराट व्हावी म्हणून त्यांनी रेशमी कापडाचे व्यापारी व कारागीर यांना सवलती देऊन तेथे आणले. या सवलतींतून रेशीमधंद्याची एक मक्तेदारी निर्माण झाली आणि नव्याने धंद्यात येऊ पाहणाऱ्यास तिचा अडसर होऊ लागला. ही मक्तेदारी १८६४ पर्यंत टिकली. त्या वर्षी न्यायालयीन निर्णयाने ती संपुष्टात येऊन धंदा सर्वांस खुला झाला. त्यानंतर खत्री, कोष्टी, साळी इ. विणकर समाजांचे माग येवल्यात वाढत गेले. १८७८ मध्ये दौंड–मनमाड लोहमार्ग सुरू झाला. तो येवल्यावरून जात असल्याने मुंबई व पुणे या बाजारपेठांशी गावाचा संबंध अधिक निकट झाला.

दोन गावांची राजकीय स्थितीही भिन्न होती. येवला पेशवाईच्या अस्तानंतर ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात आले; पैठण १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात राहिले. दरबारी आश्रय आटल्यावर पैठणचे माग झपाट्याने कमी झाले. याउलट येवल्याचा माल राजदरबारापेक्षा बाजारपेठेवर, विशेषतः मध्यमवर्गीय कुटुंबांतील लग्नकार्यावर अवलंबून असल्यामुळे मंदीच्या काळातही तेथील कसब पुरते लोपले नाही. १९७० नंतरच्या दशकात महाराष्ट्र लघुउद्योग विकास महामंडळाने पैठण येथे प्रशिक्षण व उत्पादन केंद्र चालवून तेथील विणकामाचे पुनरुज्जीवन केले. तरीही मागांची संख्या व उलाढाल या दोन्ही बाबतींत येवलाच पुढे राहिले.

विणकाम : पैठणीचे वेगळेपण तिच्या विणीत आहे. सामान्य कापडात बाण्याचा (आडवा) धागा एका किनारीपासून दुसऱ्या किनारीपर्यंत अखंड जातो. पैठणीत अंग व दोन्ही काठ यांचे बाणे वेगवेगळ्या धोट्यांनी घातले जातात आणि जेथे अंगाचा व काठाचा धागा भेटतो, तेथे ते परस्परांत अडकवून मागे वळविले जातात. पदरात जरीची जमीन असते व तिच्यावर रंगीत रेशमाची नक्षी भरतात. नक्षीतील प्रत्येक रंगासाठी रेशीम गुंडाळलेली स्वतंत्र लहान कांडी असते. तिला येवल्यात ‘तिल्ली’ म्हणतात. ताण्याचे (उभे) धागे मोजून, त्या त्या रंगाची तिल्ली हाताने धाग्यांमधून काढून शेजारच्या धाग्यात गुंतवावी लागते. त्यामुळे एका ओळीत अनेक तिल्ल्या फिरतात आणि काम बोटाबोटाने पुढे सरकते.

या पद्धतीमुळे मागच्या बाजूस लोंबते धागे राहत नाहीत आणि पदराची व काठाची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच दिसते. अस्सल पैठणी ओळखण्याची ही सर्वांत सोपी खूण होय. यंत्रमागावर विणलेल्या अनुकरणात नक्षीचे धागे उलट बाजूस तरंगत राहतात किंवा कापून टाकलेले आढळतात. साध्या नारळी काठाची व मोजक्या नक्षीची पैठणी सुमारे महिन्याभरात तयार होऊ शकते. भरगच्च पदराच्या पैठणीस कित्येक महिने, प्रसंगी वर्षाहूनही अधिक काळ लागतो. रेशीम धुणे, रंगविणे, उकलणे, ताणा मागावर चढवून जुन्या ताण्याशी सांधणे, तिल्ल्या भरणे ही कामे घरातील सर्वच माणसे करतात. त्यांत स्त्रियांचा वाटा मोठा असतो.

नक्षीत मोर, बांगडी-मोर, पोपट (मुनिया), हंस, कमळ, कुयरी, असावली इत्यादींचा समावेश होतो. पोफळी, कुसुंबी, अबोली, मोतिया, काळी चंद्रकळा ही पारंपरिक रंगांची काही नावे होत. ताणा एका रंगाचा व बाणा दुसऱ्या रंगाचा वापरून अंगास धूपछाँव आणण्याची रीतही प्रचलित आहे.

कच्चा माल मात्र स्थानिक नाही. एकोणिसाव्या शतकात रेशीम मुख्यतः चीन व बंगालमधून मुंबईमार्गे येई. आता ते प्रामुख्याने कर्नाटकातून येते. सोन्यारुप्याची तार ओढून जर तयार करण्याचा धंदा पूर्वी येवल्यातही चाले; आज जर सुरतेहून येते. म्हणजे पैठणीत गावाचे स्वतःचे असे जे काही उरते, ते केवळ कसब होय.

भौगोलिक निर्देशनाचा कायदा : विशिष्ट प्रदेशाशी निगडित गुण किंवा लौकिक असलेल्या मालाचे नाव त्या प्रदेशाबाहेरील उत्पादकाने वापरू नये, हे तत्त्व फ्रान्ससारख्या देशांत द्राक्षमद्य व चीज यांच्या संदर्भात प्रथम रुजले. जागतिक व्यापार संघटनेबरोबर १९९५ मध्ये अंमलात आलेल्या बौद्धिक संपदाविषयक करारामुळे (ट्रिप्स) ते सर्व सदस्यराष्ट्रांना बंधनकारक झाले. १९९७ मध्ये अमेरिकेतील एका कंपनीस बासमती तांदळाच्या काही वाणांसंबंधी एकस्व मिळाल्याने भारतात वाद उद्‌भवला आणि अशा कायद्याची निकड जाणवली. संसदेने १९९९ मध्ये भौगोलिक निर्देशनांची नोंदणी व संरक्षण यांविषयीचा अधिनियम संमत केला. तो १५ सप्टेंबर २००३ पासून अंमलात आला. नोंदणी कार्यालय चेन्नई येथे असून भारतातील पहिली नोंदणी दार्जिलिंग चहाची झाली. व्यवहारात या नोंदणीस ‘भौगोलिक मानांकन’ किंवा ‘जीआय’ असे म्हणतात.

व्यापारचिन्हाहून हा हक्क दोन बाबतींत निराळा आहे. व्यापारचिन्ह एका मालकाचे असते व ते विकता येते. भौगोलिक निर्देशन त्या प्रदेशातील सर्व उत्पादकांचे सामाईक असते आणि ते विकता, गहाण टाकता किंवा भाड्याने देता येत नाही. नोंदणी दहा वर्षांसाठी असून तिचे नूतनीकरण करता येते. मात्र एखाद्या विणकरास स्वतःच्या नावाने या हक्काचा लाभ घ्यावयाचा असेल, तर त्याने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. अधिनियमाच्या व्याख्येनुसार तयार मालाच्या बाबतीत उत्पादन, प्रक्रिया किंवा सिद्धता यांपैकी एक क्रिया त्या प्रदेशात होणे आवश्यक असते. कच्चा माल तेथलाच असावा, असे बंधन नाही. बाहेरचे रेशीम व बाहेरची जर वापरूनही पैठणी या संरक्षणास पात्र ठरते, ती यामुळेच.

इतर उत्पादनांशी तुलना : नाशिक जिल्ह्यातील नाशिक व्हॅली वाइन व नाशिकची द्राक्षे यांची नोंदणी २०१०–११ मध्ये, तर लासलगावच्या कांद्याची २०१५–१६ मध्ये झाली. या मालाचे गुण माती, पाणी व हवामान यांच्याशी जोडलेले आहेत. द्राक्षवेल उपटून दुसऱ्या जिल्ह्यात नेली, तर नाशिकची द्राक्षे मिळणार नाहीत. आसाममधील मुगा रेशीम (नोंदणी २००७) हे वस्त्रांतील अशाच प्रकारचे उदाहरण आहे. त्याचा सोनेरी धागा देणारा कीटक ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील सोम व सोआलू या वृक्षांच्या पानांवर वाढतो. याच्या उलट आसामचा गामोसा (नोंदणी २०२२) आणि बोडो समाजाची दोखोना व आरोनाई ही वस्त्रे (नोंदणी २०२४) यांचे मोल मुख्यतः ती विणणाऱ्या समाजाच्या रीतीभातींत आहे. पैठणी या दुसऱ्या वर्गात मोडते. असे कसब विणकराबरोबर स्थलांतर करू शकते. पैठणचे नाव येवल्यात रुजले ते याच मार्गाने. आणि विणकरांनी माग सोडला, तर गाव तेथेच राहूनही मूलस्थान नाहीसे होऊ शकते. द्राक्षाच्या मातीबद्दल अशी भीती बाळगण्याचे कारण नसते.

संरक्षणाच्या मर्यादा : ट्रिप्स करारात द्राक्षमद्य व इतर मद्ये यांना दिलेले संरक्षण अन्य मालाच्या तुलनेत अधिक कडक आहे. ‘अमुक पद्धतीचे’, ‘अमुक प्रकारचे’ किंवा ‘अमुकचे अनुकरण’ असे शब्द जोडूनही मद्याच्या बाबतीत नोंदलेले नाव वापरता येत नाही. अन्य मालाच्या बाबतीत खरेदीदाराची दिशाभूल झाल्याचे किंवा अनुचित स्पर्धा घडल्याचे दाखवावे लागते. हे अधिक कडक संरक्षण सर्व मालास लागू व्हावे, अशी मागणी भारताने जागतिक व्यापार संघटनेत केली आहे. भारतीय अधिनियमातही केंद्र सरकारला अधिसूचनेद्वारे निवडक मालास असे वाढीव संरक्षण देण्याचा अधिकार ठेवला आहे. बाजारात यंत्रमागावरील स्वस्त साड्या ‘सेमी पैठणी’ या नावाने सर्रास विकल्या जातात. अशा विशेषणाने फसवणूक होते की ती टळते, हा प्रश्न त्यामुळे केवळ भाषेचा राहत नाही.

दुसरी मर्यादा आर्थिक स्वरूपाची आहे. नोंदणीने नाव सुरक्षित होते. किंमत किंवा मजुरी ठरत नाही. रेशीम व जर यांसाठी मोठे भांडवल महिनोन्‌महिने अडकून पडते. ते ज्याच्यापाशी नाही, तो विणकर व्यापाऱ्याकडून माल घेऊन मजुरीवर विणतो आणि नावाच्या लौकिकातून वाढलेल्या किमतीचा वाटा त्याच्यापर्यंत पोहोचेलच असे नसते. अस्सल मालाची ओळख पटविण्यासाठी रेशीम-चिन्ह (२००४ पासून) व हातमाग-चिन्ह (२००६ पासून) यांचाही उपयोग होतो. तथापि पहिले केवळ रेशमाच्या शुद्धतेची व दुसरे केवळ हातमागाची ग्वाही देते. तिल्लीच्या विणीची नव्हे. साड्यांचे काही प्रकार हातमागासाठी राखून ठेवणारा अधिनियम १९८५ पासून आहे. परंतु त्याची अंमलबजावणी तपासणीवर अवलंबून असते.

येवल्याच्या इतिहासात अशा प्रकारे दोन मक्तेदाऱ्या दिसतात. पहिली थोड्या लोकांच्या हाती होती, ती नवख्या विणकरास बाहेर ठेवी, म्हणून १८६४ मध्ये तिचा शेवट होणे विणकरांना हिताचे ठरले. दुसरी कायद्याने मान्य केलेली व सामाईक आहे. तिचा हेतू विणकरास आत घेण्याचा आहे. तो कितपत साधतो, हे नोंदणीपत्रापेक्षा दोन गोष्टींवर ठरेल : प्रत्यक्ष मागावर बसणाऱ्यांपैकी किती जण अधिकृत वापरकर्ते होतात आणि पदराची उलटी बाजू पाहून खरेदी करणारे ग्राहक किती निघतात. विणकराच्या पुढच्या पिढीस हे काम पोटापुरते वाटले, तरच येवल्यातील माग चालू राहतील आणि पैठणी या नावाला त्यातील स्थानाचा अर्थ राहील.