साठ फायली, सात नावं

रविवार, सकाळी १०:०० (अडीच तास उरले)
लॅपटॉपची डिस्क भरत आल्याची सूचना आली. सगळ्यात जड फोल्डर आईच्या तालमीचं. १९८०च्या दशकात सांगलीत गुरुजींसमोर बसून तिनं टेपरेकॉर्डरवर भरलेल्या ३० कॅसेटी, प्रत्येकी ६० मिनिटांच्या. २०१६ साली मी त्या संगणकावर उतरवल्या. कॅसेट जितका वेळ वाजते तितकाच वेळ उतरवायला लागतो, तिथे घाई चालत नाही. दर बाजूची एक वेव्ह फाइल, सुमारे ३१७ एमबीची. ६० फायलींचे मिळून १९ जीबी. आई राग सांगायची आणि मी देवनागरीत नाव टाकायचो: यमन १, केदार २, मारवा १. मूळ कॅसेटी ऑगस्ट २०१९च्या महापुरात कृष्णेच्या पाण्याखाली गेल्या. उरलं ते हे फोल्डर.

१०:४५
फायली फ्लॅकमध्ये बदलायचं ठरवलं. तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. एमपी३ आकार कमी करताना आवाजाचा काही भाग कायमचा टाकून देतं. फ्लॅक काहीच टाकत नाही, तरी जागा साधारण निम्मीच घेतं. तंबोऱ्याच्या जवारीसाठी तेवढं करायलाच हवं.

११:१५ (सव्वा तास)
जुना, फुकट मिळणारा एक कन्व्हर्टर होता. ‘यमन १’वर चाचणी घेतली. फाइल तयार झाली, स्वच्छ वाजली. फक्त तिचं नाव ‘___ _’ असं आलं. नावं नंतर सुधारू म्हणून मी पुढे गेलो. सगळा अनर्थ त्या चार रेघांत दिसत होता.

१२:०० (अर्धा तास)
सेटिंगमध्ये दोन चौकटी. ‘त्याच नावाची फाइल असल्यास तिच्यावर लिहा’ या चौकटीत आधीपासूनच खूण होती. ‘रूपांतरानंतर मूळ फाइल काढून टाका’ ही खूण मी केली. जागा हवी होती.

१२:१०
काम सुरू झालं. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला, मात्रेला आणि अंकालाही स्वतंत्र क्रमांक असतो. या प्रोग्रॅमला फक्त रोमन लिपी कळत होती. बाकी प्रत्येक चिन्हाच्या जागी तो प्रश्नचिन्ह ठेवायचा. विंडोजमध्ये फायलीच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही, म्हणून तिथे रेघ यायची. ‘यमन’ म्हणजे तीन चिन्हं. ‘भूप’ म्हणजे भ, ऊकार, प: तीनच. ‘देस’ही तीन. केदार, बिहाग, भैरवी, मारवा यांची प्रत्येकी पाच. अंकही देवनागरी, त्यामुळे १ आणि २ सारखेच.

फायली अकारविल्हे जात होत्या. ‘केदार १’ची फ्लॅक झाली, मूळ काढली गेली. ‘केदार २’ तिच्यावर लिहिली गेली. मग बिहागनं तिला पुसलं, बिहागला भैरवीनं, भैरवीला मारव्यानं.

१२:३०
पडद्यावर आलं: ६० पैकी ६० यशस्वी. ते खरंच होतं, प्रत्येक रूपांतर नीट झालं होतं. नवं फोल्डर नऊ-दहा जीबीचं भरायला हवं होतं, ते जेमतेम एक जीबीचं होतं. मी फक्त डिस्कवरची मोकळी जागा पाहिली. असं काम करणाऱ्या प्रत्येकाला मी विनवून सांगेन: दोन्ही फोल्डरांतल्या फायली आधी मोजा, मूळ फायली काढायचं मग बघा.

दुपारी ४:३०
आईनं रियाझाला बसताना हाक मारली, “केदार लाव रे, दुसरी बाजू. गुरुजी दोन्ही मध्यम कसे घेतात ते पुन्हा ऐकायचंय.”
फोल्डरमध्ये सात फायली होत्या.

५:१५
रिसायकल बिन रिकामा. प्रोग्रॅमनं काढलेल्या फायली तिथे गेल्याच नव्हत्या.

७:३०
हटवलेल्या फायली शोधणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून चालवला. बहुतेक नावं परत आली, शुद्ध देवनागरीत. आत नुसती शून्यं. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर फाइल काढली तरी तिच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर तसाच राहतो. एसएसडीला मात्र फाइल निघताच ती जागा मोकळी झाल्याचं कळवलं जातं, आणि ती पुसली जाते.

रात्री ९:००
आईला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मारवा आहे ना? तो आधी दुसरीकडे उतरवून ठेव.”
झोपण्याआधी सातही फायलींच्या तीन प्रती केल्या. केदारची एकही बाजू आता कुठेच नाही.