हूसाविक येथील देवमासा निरीक्षण

हूसाविक हे आइसलँडच्या उत्तर किनाऱ्यावरील एक लहान बंदर असून ते देवमासा निरीक्षणाच्या सागरी सफरींसाठी प्रसिद्ध आहे. हे नगर स्क्याल्फांदी उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर, उत्तर ध्रुववृत्ताच्या थोडेसे दक्षिणेस वसलेले आहे. देवमाशांबरोबरच पफिन व इतर समुद्रपक्षी पाहण्यासाठीही येथे पर्यटक येतात.

भौगोलिक पार्श्वभूमी

स्क्याल्फांदी या नावाचा अर्थ ‘थरथरणारा’ असा आहे. हा परिसर भूकंपप्रवण आहे. उपसागरास नद्यांचे गोडे पाणी मिळते व त्याबरोबर पोषक द्रव्येही येतात. उन्हाळ्यातील दीर्घ सूर्यप्रकाशामुळे वनस्पतीप्लवकांची वाढ वेगाने होते. त्यावर प्राणीप्लवक आणि लहान मासे पोसले जातात व त्यांच्या मागोमाग देवमासे व पक्षी येतात.

इतिहास

मासेमारी हा हूसाविकचा पारंपरिक व्यवसाय होय. येथे 1995 मध्ये देवमासा निरीक्षणाच्या नियमित सफरी सुरू झाल्या. त्यासाठी ओक लाकडाच्या जुन्या मासेमारी नौका दुरुस्त करून वापरात आणण्यात आल्या. 1997 मध्ये स्थापन झालेले देवमासा संग्रहालय आज पूर्वीच्या कत्तलखान्याच्या इमारतीत असून तेथे निळ्या देवमाशाचा सांगाडा ठेवलेला आहे.

आढळणारे देवमासे

या उपसागरात उन्हाळ्यात हंपबॅक देवमासा प्रामुख्याने दिसतो. त्याची लांबी सुमारे 12 ते 16 मीटर असते. खोल बुडी मारताना तो शेपटी पाण्याबाहेर उचलतो. शेपटीच्या खालच्या बाजूवरील काळ्या-पांढऱ्या खुणा प्रत्येक प्राण्यात वेगळ्या असल्यामुळे छायाचित्रांवरून त्याची ओळख पटवता येते. आकाराने लहान असलेला मिंक देवमासा मात्र बुडी मारताना शेपटी वर काढत नाही. पांढऱ्या चोचीचे डॉल्फिन व बंदर पॉरपॉइज हेही येथे आढळतात. पृथ्वीवरील सर्वांत मोठा प्राणी असलेला निळा देवमासा उन्हाळ्याच्या सुरुवातीस कधीकधी येथे येतो.

समुद्रपक्षी

उपसागरातील लुंदेय या बेटाच्या नावाचा अर्थच ‘पफिनचे बेट’ असा आहे. अटलांटिक पफिन एप्रिलच्या सुमारास किनाऱ्यावर येतो, गवताळ जमिनीत बीळ करून एकच अंडे घालतो आणि ऑगस्टमध्ये पुन्हा खुल्या समुद्रात जातो. पंखांच्या साहाय्याने पाण्याखाली पोहून तो मासे पकडतो व एकाच वेळी अनेक मासे चोचीत आडवे धरून पिलाकडे नेतो. उत्तर व दक्षिण ध्रुवीय प्रदेशांदरम्यान दरवर्षी स्थलांतर करणारा आर्क्टिक सुरय तसेच फुल्मार हे पक्षीही येथे दिसतात. पाण्यावर एकाच जागी घिरट्या घालणारा पक्ष्यांचा थवा बहुधा खाली माशांचा समूह असल्याचे सुचवतो. अशा ठिकाणी देवमासा वर येण्याची शक्यता असते.

सफरीचे स्वरूप

सर्वसाधारण सफर सुमारे तीन तासांची असते. उन्हाळ्यातही समुद्रावर कडाक्याची थंडी असल्याने प्रवाशांना उबदार अंगरखे दिले जातात. देवमाशाची दिशा घड्याळाच्या आकड्यांनी सांगण्याची पद्धत आहे. नौकेचा नाळेकडील भाग म्हणजे 12 वाजण्याची दिशा मानली जाते. दुरून प्रथम दिसतो तो उच्छ्वासाचा फवारा. देवमासा पाणी उडवतो असा समज असला, तरी तो फवारा मुख्यतः उच्छ्वासातील दमट हवा व बारीक थेंब यांचा असतो. देवमासे वन्य असल्याने ते दिसतीलच याची खात्री देता येत नाही.

संवर्धनविषयक प्रश्न

आइसलँडने 1989 नंतर थांबवलेली देवमाशांची शिकार 2003 मध्ये संशोधनाच्या नावाखाली व 2006 मध्ये व्यापारी स्वरूपात पुन्हा सुरू केली. त्यामुळे शिकार आणि निरीक्षण हे दोन व्यवसाय एकाच देशात शेजारी चालू राहिले. जिवंत देवमाशाचे आर्थिक मूल्य शिकारीहून अधिक आहे, असा पर्यटन व्यावसायिकांचा युक्तिवाद असतो. मात्र निरीक्षणही पूर्णतः निरुपद्रवी नाही. अनेक नौका एकाच देवमाशाभोवती जमल्यास, वेगाने पाठलाग केल्यास अथवा इंजिनाचा आवाज वाढल्यास त्याच्या आहारात व्यत्यय येऊ शकतो. म्हणून वेग कमी ठेवणे, मार्ग न अडवणे व मर्यादित वेळच जवळ थांबणे अशी आचारसंहिता पाळली जाते. अटलांटिक पफिनचा समावेश 2015 मध्ये जागतिक पातळीवर असुरक्षित प्रजातींत करण्यात आला. समुद्राचे तापमान बदलल्याने पिलांना लागणाऱ्या लहान माशांची उपलब्धता घटणे हे त्यामागील एक महत्त्वाचे कारण मानले जाते.